बाबांच्या हाताबद्दल

प्रिय आई-बाबा,

आई म्हणाली बाबा तेच घेऊन बसलेत, हाताच्या थरथरीला फोंड्याचे डॉक्टर पार्किन्सन म्हणाले आणि पणजीचे म्हणतात एवढ्यात नाव देऊ नका, मग खरं कोणाचं. बाबा, दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. साधा रक्ताचा रिपोर्ट काढला नि कळलं असं यात नसतं, लक्षणं बघून ठरवतात, आणि कुठली लक्षणं धरायची हा नियमच बदलत आलाय. लंडनच्या जुन्या नियमात हालचाल मंदावलेली हवीच, सोबत ताठरपणा, हात स्वस्थ असताना थरथर किंवा तोल जाणं यातलं एक. २०१५ च्या नव्या नियमात तोल जाणं त्यातून काढलं, कारण पार्किन्सनमध्ये ते उशिरा येतं, सुरुवातीलाच आलं तर आजार दुसराच असू शकतो. म्हणजे तोच पेशंट एका नियमाने आत, दुसऱ्याने बाहेर.

तुम्ही लिहून ठेवलेले आकडेही असेच वाचा. मुंबईच्या पारशांत लाखाला ३२८ रुग्ण आणि बंगळुरूकडच्या पाहणीत ३३, बघून कोणीही घाबरेल, पण पारशांत म्हातारी माणसंच जास्त आणि हा आजार वयाबरोबर वाढतो. त्यात कुठे दोन लक्षणं पुरतात, कुठे तीन लागतात, कुठे पार्किन्सनच्या गोळीने फरक पडला तरच मोजतात, आकडा वरखाली होणारच. १९९२ मध्ये लंडनला, पार्किन्सन म्हणून उपचार झालेल्या १०० जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले तर ७६ जणांनाच तो निघाला, कडक नियम लावूनही अचूकता ८२ टक्क्यांवरच गेली. म्हणून पणजीच्या डॉक्टरांचं थांबणं मला पटतं.

आई, तू एक कर. बाबा पेपर वाचताना मांडीवरचा हात थरथरतो की चहाचा कप उचलताना, ते मोबाईलवर शूट करून ठेव, दोन्हीचा अर्थ वेगळा होतो. आणि देवळाच्या हिशोबाची वही काढ, गेल्या चवथीच्या पानापेक्षा आता अक्षर बारीक होत गेलंय का बघ, पार्किन्सनमध्ये तसं होतं.

मुख्य म्हणजे नाश्त्याआधीची ती गॅसची कॅप्सूल. फोटोत स्ट्रिपवर लेव्होसल्पिराइड दिसतंय, म्हाताऱ्या माणसांत त्यानेही हुबेहूब अशी लक्षणं येतात आणि औषध थांबवल्यावर बहुतेकांची हळूहळू जातात, कधी काही महिने लागतात. बाबा, आपल्या मनाने बंद करू नका, आजच पणजीच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. मी रजा टाकलीय, बांबोळीला मेडिकल कॉलेजात न्यूरोलॉजीच्या ओपीडीत आपण एकत्र जाऊ, सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा पिशवीत भरून ठेवा, आयुर्वेदिक पण.

तुमची,
बाय