कडीबद्दल लिहायचं नाही असं ठरलं होतं

बार्शी
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. प्रतीक्षा हिस,
अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस आणि आत्या म्हणते, "अभ्यासाला बसलीय, नंतर करायला सांगते." म्हणून हे पत्र. उद्या सकाळच्या सोलापूर गाडीच्या कंडक्टरकडे डब्याबरोबर देतोय, आत्याकडचा दादा स्टँडवर येऊन घेईल. डब्यात धपाटी आहेत आणि शेंगाची चटणी. आजीने तुझी वेगळी कुटली, तिखट बेतानं घालून. माझ्यासाठी कधी वेगळी कुटल्याचं आठवत नाही.

कडीबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही, असं तुझ्या आईने बजावलंय. मला ते पटलंय. तेव्हा सरळ वेळापत्रकाचंच बोलतो.

तू भिंतीवर चिकटवलेलं वेळापत्रक मी काढलेलं नाही. पहाटे ५ ते रात्री १, मध्ये जेवणाला २० मिनिटं. शाईचे रंग तीन, पण झोपेला एकही रंग नाही. आमच्याकडे लांब पल्ल्याची गाडी आली की रात्री आगारात उभी राहते, तेलपाणी बघतात, ब्रेक बघतात, मगच सकाळी सुटते. न थांबता सलग पळवलेली गाडी कुठे बंद पडते ते मला चांगलं माहीत आहे, कारण ती आणायला मलाच पाठवतात. बहुतेक वेळा घाटात.

असो. माझा हिशोब बघ. नीट, म्हणजे डॉक्टरीची प्रवेश परीक्षा, मेच्या पहिल्या रविवारी धरली, गेली दोन्ही वर्षं तशीच होती, तर आजपासून बरोबर २४ आठवडे हातात आहेत. बायोलॉजीच्या एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या, पुस्तकात अकरावीचे १९ आणि बारावीचे १३, मिळून ३२ धडे. आठवड्याला दोन धरले तर ८ मार्चला संपतात आणि वर ८ आठवडे उरतात उजळणीला. १८० पैकी ९० प्रश्न तिथलेच, ३६० गुण. आणि ते पुस्तक वाचताना आकृतीखालची बारीक ओळसुद्धा सोडायची नाही, हे तूच मला शिकवलंस. गेल्या वर्षी बोर्डासाठी बालभारतीचं पुस्तक आणि नीटसाठी हे, अशी दोन दगडांवर पाय ठेवून तुझी ओढाताण झाली. या वर्षी बोर्ड नाही, कॉलेज नाही, क्लासही नाही. एकच पुस्तक. तुला क्लास सोडायचा होता तेव्हा मी आठ दिवस तोंड फुगवून बसलो, पण आता वाटतं तुझं बरोबर होतं. हे मी आत्याला फोनवर सांगितलं होतं, तिने तुला सांगितलं का माहीत नाही.

आता गुणांचं. रागावू नकोस. जूनमध्ये आपण दोघं उत्तरतालिका घेऊन बसलो होतो, तो कागद माझ्याकडे आहे. ११३ बरोबर, ४० चूक, २७ सोडलेले. ४१२. फिजिक्स यंदा सगळ्यांनाच जड गेलं, त्याचं मी धरत नाही. पण त्या ४० चुकांपैकी १७ प्रश्न तू माझ्यासमोर, चहा पिता पिता सोडवलेस. बरोबर सोडवलेस! मी पेन्सिलने खुणा केल्यात. चुकलेल्या प्रश्नाचा एक गुण वजा आणि हातचे चार गेले, म्हणजे दर प्रश्नामागे ५ चा फरक. १७ पंचे ८५. म्हणजे ४९७ ची मुलगी ४१२ वर आली. बाळा, तुला येत नव्हतं असं नाही. आदल्या रात्री तीनला तुझ्या खोलीत दिवा होता. दाराखालून उजेड दिसत होता. मी दोनदा दार ढकललं, तर आतून

नाही, ते नको.

पेपर दुपारी २ ते ५ असतो, हे मला सांगायचं होतं. तू रात्री जागतेस आणि दुपारी जेवलीस की तुझे डोळे मिटतात. म्हणजे ज्या तीन तासांत १८० प्रश्नांना १८० मिनिटं मिळणार, त्यातच गोल काळे करणं आलं, नेमक्या त्या तीन तासांत तुझ्या डोक्याला झोपायची सवय लागलीय. ती आतापासून मोडायला हवी. दर रविवारी दोनला बसायचं, घड्याळ लावून, छापील ओएमआर, म्हणजे गोल काळे करायच्या, कागदावर, काळ्या बॉलपेनने, मोबाईलवर नाही. पाचला उठायचं. ओएमआरच्या १० झेरॉक्स डब्याखाली ठेवल्यात, चटणीचं तेल लागू नये म्हणून पिशवीत घातल्यात. सोमवारी फक्त चुका बघायच्या: कुठली येतच नव्हती, कुठली घाईत गेली, कुठल्या प्रश्नात 'चुकीचे विधान निवडा' असताना बरोबर विधान निवडलं. त्याची वेगळी वही कर. फिजिक्स रोज, आणि सकाळी, गणितं हाताने सोडवून. नुसतं सोडवलेलं वाचलं की सगळं आल्यासारखंच वाटतं. मी बारावीला असाच फिजिक्समध्ये गेलो, म्हणून आयटीआय. तुझ्या आजोबांनी तेव्हा एक शब्दही विचारला नाही. विचारायला हवं होतं असं मला अजून वाटतं. म्हणून मी जास्त विचारतो की काय कोण जाणे.

झालं माझं सुरू. आईने पत्र इथवर वाचलं आणि म्हणाली, "पोरीला पत्र लिहिताय की चार्जशीट?" माफ कर. बीएएमएसचं, आयुर्वेदाच्या डॉक्टरीचं, मी त्या दिवशी बोललो, तेही नको होतं बोलायला.

तुला आठवतं का, तू दुसरीत असताना आई कुर्डूवाडीला गेली होती आणि मी तुला वर्कशॉपमध्ये घेऊन आलो होतो? गाडी रॅम्पवर होती. तू खाली वाकून विचारलंस, "पप्पा, हिचं दुखतं कुठे हे तिने न सांगता तुम्हाला कसं कळतं?" मी म्हटलं, आवाजावरून. मग दिवसभर तू प्रत्येक बसला कान लावून फिरलीस, फ्रॉकला ग्रीस, कानाला ग्रीस. तेव्हाच्या मंडळींपैकी दोघं रिटायर झाले, बाकीचे अजून विचारतात, "डॉक्टरीणबाई काय म्हणतात?" मी म्हणतो, अभ्यास चालू आहे. दहावीला मराठी शाळेतून ९५.४० टक्के, आणि अकरावीत 'तंतुकणिका' सोडून 'मायटोकॉन्ड्रिया' पाठ करताना रडलेली मुलगी पुढच्या महिनाभरात वर्गाला समजावून सांगत होती, हेही त्यांना सांगतो. दर वेळी सांगतो. ते आता ऐकत नाहीत.

लिहायचं नव्हतं, पण लिहितो. लातूरला मी डबा द्यायला आलो होतो तो दिवस. तुझ्या वसतिगृहात तुझ्या शेजारच्या खोलीबाहेर मुली उभ्या होत्या, आतून कडी, हाका मारून आवाज नाही. माझ्या पिशवीत स्क्रूड्रायव्हर होता, तो असतोच. बिजागरी काढायला मला चार मिनिटं लागली असतील. आत ती मुलगी झोपली होती. नुसती झोपली होती, दोन रात्री जागून. उठून बसली आणि इतकी माणसं बघून रडायला लागली. सगळे हसले, मीही हसलो. पण परतीच्या गाडीत मुरूडपर्यंत माझे हात थरथरत होते. ते तुला कधी सांगितलं नाही. मी घरी तुझ्या खोलीची कडी काढली ती, तू म्हणालीस तसं, तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. तुझ्यावर आहे. त्या चार मिनिटांवर नाही.

तू बोललीस ते मी विसरलोय. 'ही माझी खोली आहे की तुमचं वर्कशॉप?' हे सोडून.

मार्कांचं जे होईल ते होईल, असं मी लिहिलं तर तुला खोटं वाटेल, कारण वर मी १७ पंचे ८५ केलंय. तरी लिहितो. रात्री ११ ला दिवा बंद कर. आठवड्यातून एकदा फोन कर, चाचणीचे गुण नाही सांगितलेस तरी चालेल. कमी पडले त्या रविवारी तर नक्की कर. मी काही बोलणार नाही. आई फोन धरील, मी बाजूला बसून ऐकेन.

आत्याला नमस्कार सांग. भाड्याचा विषय तिच्यापुढे काढू नकोस, तिला आवडत नाही.

तुझे,
पप्पा

ता. क. डबा रिकामा परत पाठवू नकोस, आजीला चालत नाही, दोन लाडू का होईना घाल. आणि तुझ्या खोलीची कडी मी काल परत बसवली. डिसेंबरात येशील तेव्हा आतून लावता येईल. फक्त स्क्रू आखूड घातलेत, बाहेरून खांद्याचा एक धक्का दिला की निघतील. हे तुला सांगायची गरज नव्हती, आई पण नको म्हणत होती.