‘विराट’वर नोकरी केलेल्यांनो, माळ्यावरच्या ट्रंका उघडा!

ग्रामस्थ, चाकरमानी आणि माजी नौसैनिक मंडळींनो, सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर २०१८मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘विराट’ ही नौदलातून निवृत्त झालेली विमानवाहू युद्धनौका सिंधुदुर्गातल्या निवतीच्या समुद्रात आणून तिचे संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटींच्या प्रस्तावाला मान्यता दिली, तेव्हा गावागावांत काय गप्पा रंगल्या होत्या! कुणी होडी घेणार होते, कुणी पर्यटकांसाठी खोल्या काढणार होते. बोट काही आली नाही. २०२०च्या जुलैत ती लिलावात ३८.५४ कोटींना भंगारात गेली आणि सप्टेंबरात टगबोटीने ओढत गुजरातेत अलंगच्या जहाजतोडणी आवारात नेली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१मध्ये तोडकाम थांबवलेही. पण एप्रिलपर्यंत चाळीस टक्के बोट कापून झाली होती, मग वाचवायचे काय? आधीच्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचे २०१४मध्ये मुंबईच्या दारूखाना भागातल्या जहाजतोडणी आवारात हेच झाले. निदान ती काही वर्षे मुंबईत लोकांनी आत जाऊन पाहिली तरी.

१९५९ साली ब्रिटिश नौदलात ‘हर्मीस’ म्हणून दाखल झालेली, १९८२च्या फॉकलंड युद्धात त्यांच्या ताफ्याची प्रमुख असलेली ही बोट १२ मे १९८७ रोजी आपली झाली. ६ मार्च २०१७ला निवृत्त होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, आपल्या भागातल्या पोरांनीही तिच्यावर दिवस काढले. कुणी बॉयलरच्या उकाड्यात, कुणी सी हॅरियर लढाऊ विमाने उडताना धावपट्टीवर, कुणी भटारखान्यात. जुलै २०१६मध्ये ती स्वतःच्या इंजिनावर शेवटची कोचीला गेली. परत आली ती ओढूनच. त्या फेरीला कुणी बोटीवर होते का? असाल तर आधी तुम्ही या.

८५२ कोटी जमवायची आमची ऐपत नाही. वाचनालयाची वरची खोली मात्र रिकामी आहे. तिथे ‘विराट’चा कोपरा करायचा आहे. फोटो, घरी धाडलेली पत्रे, टोपी, ‘जलमेव यस्य बलमेव तस्य’ लिहिलेले बोटीचे मानचिन्ह, काहीही चालेल. वस्तू द्यायची नसेल तर फोटो काढून लगेच परत करू. काचेची दोन कपाटे आणि एक स्कॅनर घ्यायचा आहे. त्यासाठी यथाशक्ती देणगी द्यावी. पावती मिळेल.

वाचनालय संध्याकाळी उघडे असते. फोटोमागे नाव आणि साल पेन्सिलीनेच लिहा, पेनाची शाई पुढे उमटते.

आपले,
वाचनालयाचे कार्यकारी मंडळ