टोचतंय, म्हणजे बाबाच

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "अरे, पण मुलींचं काय?" आणि मी विषय बदलला. तुझा प्रश्न रास्त होता, माझ्याजवळच उत्तर नव्हतं. आता थोडंफार आहे, पण ते तोंडी सांगायला गेलो तर अर्धं राहून जाईल. म्हणून लिहायला बसलोय.

आधी काय घडलं ते सांगतो. सुट्टीचा दिवस होता. बायको थोरलीला घेऊन बाहेर गेली होती, धाकटी झोपली होती. मी खोलीत निळा ड्रेस चढवला, फाउंडेशन लावलं, लिपस्टिक लावली. पाठीची चेन अर्ध्यावर अडकली. दोन्ही हात मागे नेऊन तिच्याशी झटापट चालू असताना आरशात दिसलं, की धाकटी दारात उभी आहे. कडी लावायची राहून गेली होती.

"बाबा, तू आता आई झालास?"

छातीत धस्स झालं. "नाही गं, बाबाच आहे मी. फक्त ड्रेस घातलाय." तिला ते पटलं नाही. मी खाली बसलो. तिने जवळ येऊन दोन्ही तळव्यांनी माझे गाल चाचपले, मग हनुवटीखाली बोट उलटं फिरवलं. सकाळी दाढी केली होती तरी खुंट लागलेच. "टोचतंय. बाबाच आहे." एवढं ठरवून ती मागे वळली आणि म्हणाली, "चेन मी लावू?" तिच्या बोटांत तेवढा जोर नव्हता. तिने दोनदा ओढली, कापड चेनच्या दातांत अडकलं, शेवटी ती कंटाळून खेळायला निघून गेली. मी मात्र बराच वेळ तसाच जमिनीवर बसून राहिलो.

तिच्या प्रश्नामागचं कारण मला नंतर वाचताना कळलं. लॉरेन्स कोलबर्ग या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये मांडलं होतं, की तीन-चार वर्षांच्या मुलाला आपण मुलगा की मुलगी हे ठाऊक असतं, पण कपडे आणि केस बदलले तरी माणूस तोच राहतो, हे साधारण सहा-सात वर्षांचं होईपर्यंत पक्कं झालेलं नसतं. म्हणजे तिच्या लेखी ड्रेस चढवला की बाबा खरोखरच आई होऊ शकत होता. तिला धक्का बसला नव्हता, ती शहानिशा करत होती. त्या वयात तिला "तुझा बाबा कुठेही गेलेला नाही" एवढंच उत्तर हवं असतं.

तुला सगळं माहीत आहे, तरी एकदा स्पष्ट लिहितो. मला बाई व्हायचं नाही. ज्यांना आतून तसं वाटतं त्यांची वाट वेगळी आणि फार कठीण असते, तिच्याशी माझी तुलना नको. मला आठवड्यातून एखादे दोन तास त्या कपड्यांत शांत वाटतं, एवढंच आहे, आणि ते वयाच्या दहाव्या वर्षापासून आहे. बायकोला मी लग्नानंतर दोन वर्षांनी सांगितलं, आधी सांगायला हवं होतं. ती कपड्यांवरून रागावली नाही, दोन वर्षं लपवलं म्हणून रागावली. त्याच सुमारास एका समुपदेशकाने मला ऐकवलं होतं, की हा आजार आहे आणि मुलं झाली तर ती बिघडतील. थोरलीच्या जन्मानंतर कितीतरी रात्री ते वाक्य माझ्या उशाशी होतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्वीकारलेल्या आणि 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या नव्या वर्गीकरणातून हे निदान काढूनच टाकलं आहे. ते वाचलं तेव्हा मी रडलो.

आणि बिघडण्याचं म्हणशील, तर रिचर्ड ग्रीन या मानसोपचारतज्ज्ञाने 1978 मध्येच 37 मुलांचा अभ्यास छापला होता. कुणाची आई समलिंगी, कुणाच्या पालकाने लिंगबदल केलेला. त्यातल्या 36 मुलांच्या खेळण्या-कपड्यांच्या आवडीनिवडी चारचौघांसारख्याच निघाल्या. ते पालक माझ्यासारखे नव्हते आणि संख्याही लहान आहे, त्यामुळे मी त्याला पुरावा म्हणून मिरवणार नाही. पण त्या समुपदेशकाचा ठामपणा किती पोकळ होता, ते त्यातून कळतं.

थोरलीचं मात्र वेगळं आहे. ती नऊ वर्षांची आहे. धाकटीने अर्थातच संध्याकाळी सगळं सांगून टाकलं. थोरली दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दात घासता घासता म्हणाली, "आई तर घरात असं कधीच नटत नाही." मी निरुत्तर झालो. खरंच रे, बाईपणातलं मी काय उचललं होतं? लिपस्टिक, टाचांचे सँडल, ड्रेस. दोन तासांनी मी ते उतरवून ठेवतो. थोरलीला बाईपण असं उतरवता येणार नाही, आणि बाई म्हणून जे वाट्याला येतं ते मला कधी सोसावं लागलेलं नाही. मी तिला सांगितलं, की आई नटो न नटो, ती आई आहेच. नटणं मला आवडतं, म्हणून तुला आवडलं पाहिजे असं काही नाही. तिने चूळ भरली आणि विचारलं, "मग हे मैत्रिणींना सांगायचं की नाही?"

मित्रा, या प्रश्नाने माझी झोप उडवली. आपण मुलींना शिकवतो, की कुणी मोठं माणूस "हे कुणाला सांगू नकोस" म्हणालं, तर तडक येऊन आम्हाला सांगायचं. त्यांच्या सुरक्षिततेचा तो पहिला धडा आहे. आणि आता मीच तिला म्हणू, की बाबाचं कुणाला सांगू नकोस? मग तो धडा मीच पुसला. दुसरीकडे, तिने वर्गात सांगितलं आणि मुलं हसली, तर ते हसू तिला झेलावं लागेल, मला नाही.

बायको आणि मी चार रात्री यावर बोललो. शेवटी थोरलीला म्हटलं, की हे गुपित नाही, घरातली खासगी गोष्ट आहे. आंघोळीला आपण दार लावतो, पण आंघोळ करतो हे लपवत नाही, तसं. कुणी विचारलं तर खोटं बोलायचं नाही. तुझ्या मैत्रिणी घरी असताना किंवा शाळेच्या कुठल्याही कामाला मी त्या कपड्यांत कधी दिसणार नाही, हा माझा शब्द. आणि तुझ्या तोंडून बाहेर गेलं, तरी तुला कुणी रागावणार नाही.

तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "पण मला बोलावंसं वाटलं तर? तुम्ही दोघं सोडून कुणाशी?"

मी तुझं नाव सांगितलं. तुला न विचारता सांगितलं, याबद्दल माफ कर. पण बाहेरचं असं एकच माणूस आहे, ज्याला मी अकरावीत असताना सगळं सांगितलं आणि जो दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा माझ्या शेजारी येऊन बसला. काका म्हणून ती तुला ओळखतेच. कदाचित फोन करेल, कदाचित कधीच नाही. केला तर माझी बाजू घेऊ नकोस. राग आलाय म्हणाली तर येऊ दे, लाज वाटते म्हणाली तर ऐकून घे, आणि ती काय बोलली ते मला सांगू नकोस. फक्त हे तुला जमेल की नाही, तेवढं कळव. नाही म्हणालास तरी चालेल, मग आम्ही दुसरं कुणी शोधू.

तुझा नंबर तिने तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलाय.

तुझाच,
जुना बाकसोबती