‘कॅशे साफ करा’ हे उत्तर आता पुरे

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : सर्व्हरच्या सुरक्षा धोरणातील चुकीमुळे ब्राउझर गेमचे लॉगिन बंद पडल्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या मल्टिप्लेअर सर्व्हर सेवेचा मी पैसे भरणारा ग्राहक आहे. आपण सर्व्हरची नवी आवृत्ती बसवल्यापासून माझ्या साइटवरचा गेम खेळाडूंच्या ब्राउझरमध्ये लॉगिनच्या पुढे जात नाही. तोच गेम डेस्कटॉपवर उतरवून घेतला की बिनबोभाट चालतो. एवढ्यावरूनच दुखणे कुठे आहे हे तुमच्या लोकांच्या लक्षात यायला हवे होते. उत्तर आले ते ‘कॅशे साफ करून पाहा’, म्हणजे ब्राउझरने साठवलेल्या जुन्या फाइली पुसा.

ब्राउझर आपल्या चुका जिथे लिहितो त्या कन्सोलमधला संदेश मी पहिल्याच तिकिटाला, म्हणजे तक्रारीच्या नोंदीला, जोडला होता. ‘ॲक्सेस-कंट्रोल-अलाऊ-ओरिजिन’ या हेडरमध्ये (सर्व्हरच्या उत्तराला जोडलेल्या, कोणत्या साइटला ते वाचता येईल हे सांगणाऱ्या ओळीत) एकाहून जास्त व्हॅल्यू आल्या आहेत, चालते ती एकच, असे त्यात सरळ लिहिले आहे. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये, जिथे आलेली-गेलेली उत्तरे दिसतात, तो हेडर खरोखरच दोनदा दिसतो. एकात माझ्या साइटचा पत्ता, दुसऱ्यात नुसता *, म्हणजे ‘कोणतीही साइट’. तुमचे ॲप्लिकेशन हेडर लावते आणि त्याच्या पुढे बसवलेला मध्यस्थ सर्व्हर, म्हणजे प्रॉक्सी, त्यावर आपला एक चढवतो, असा माझा कयास आहे. लॉगिनबरोबर कुकी (खेळाडूची ओळख पटवणारी छोटी नोंद) जात असल्यामुळे एकटा * आला असता तरी ब्राउझरने तो नाकारलाच असता, हेही ध्यानात घ्यावे.

यावर तुमचे म्हणणे, ‘सर्व्हर २०० देतोय, आमच्याकडे सगळे ठीक आहे.’ २०० म्हणजे ‘विनंती यशस्वी’, आणि तो ते देतोच आहे. पण आलेले उत्तर गेमच्या हाती द्यायचे की नाही हे ब्राउझर ठरवतो, आणि तो ते हेडर बघून ठरवतो. टर्मिनलमधून ‘कर्ल’ने, म्हणजे ब्राउझरशिवाय विनंती पाठवणाऱ्या साधनाने, विनंती पाठवली तर तिथे हा पहारेकरी नसतोच. त्या तपासणीवरून ‘ठीक आहे’ म्हणण्यात काय अर्थ?

पुढच्या उत्तरात ‘क्रॉसडोमेन डॉट एक्सएमएल’ फाइल ठेवा आणि पोर्ट ८४३ उघडा, असा सल्ला मिळाला. तो फ्लॅश या ब्राउझरमधल्या जुन्या प्लगइनसाठीचा उपाय होता. ॲडोबीने फ्लॅशचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२० रोजी संपवला. माझा गेम वेबसॉकेट (ब्राउझर आणि सर्व्हरमधली सतत उघडी जोडणी) वापरतो, त्याला या फाइलशी काही देणेघेणे नाही. जुने तयार उत्तर कुणीतरी न वाचताच चिकटवले असावे.

सर्वात आक्षेपार्ह सल्ला त्यानंतरचा : खेळाडूंना ब्राउझरची ही हेडर-तपासणी बंद करणारे एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) बसवायला सांगा! म्हणजे माझा गेम खेळण्यासाठी लोकांनी इतर साइटवरच्या आपल्या खात्यांचे संरक्षणही सैल करायचे. असे मी कुणालाही सांगणार नाही, आणि तुम्हीही सांगू नये.

काम तुमच्या बाजूचे आहे. हेडर एकाच ठिकाणाहून, माझ्या साइटच्या नेमक्या पत्त्यासह आणि कुकीच्या परवानगीसह जाऊ द्या. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ नको, तेवढ्यानेही तो जुळत नाही. चूक झाल्यावर जाणाऱ्या उत्तरांनाही हेडर हवाच. सध्या सर्व्हर ५०२ (प्रॉक्सीला मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर न मिळाल्याचा संकेत) देतो तेव्हाही कन्सोलमध्ये परवानगीचीच तक्रार दिसते आणि खरे कारण झाकले जाते. प्रॉक्सीसाठी एनजिनएक्स हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमधल्या ‘ॲड हेडर’च्या ओळीत ‘ऑलवेज’ आहे का ते पाहा, नसेल तर ४०४ (पान सापडले नाही) किंवा ५०२ वर हेडर जातच नाही.

जाता जाता, तुमच्या मार्गदर्शिकेतल्या नमुना कोडमध्ये अजून ‘डब्ल्यूएस’ने सुरू होणारा, म्हणजे असुरक्षित वेबसॉकेटचा, पत्ता आहे. एचटीटीपीएस पानावरून ती जोडणी ब्राउझर अडवतो, तिथे ‘डब्ल्यूएसएस’, म्हणजे त्याचे सुरक्षित रूप, लागते. नवा ग्राहक पहिल्याच दिवशी इथे अडकेल.

दुरुस्ती कधी होणार ते लेखी कळवावे आणि सेवा बंद असलेल्या काळाचे शुल्क पुढच्या बिलातून वजा करावे. तिकीट बंद करण्याआधी कुणीतरी ब्राउझर उघडून एकदा लॉगिन करून पाहावे, ही विनंती.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत : कन्सोलमधील संदेश व नेटवर्क टॅबचे स्क्रीनशॉट