काटकसर करायलाही आधी गाठीला पैसे लागतात, साहेब

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पैसे वाचवायच्या टिपा आल्या होत्या, त्या वाचल्या आणि लगेच लिहायला बसले. बाहेरची कॉफी सोडा, ओटीटीचं सबस्क्रिप्शन बंद करा, जिमऐवजी घरीच व्यायाम करा वगैरे वगैरे. आता आमच्याकडे कॉफी पाहुणे आले तरच होते, ओटीटी मुलगा कुठल्याशा मित्राच्या पासवर्डवर बघतो, आणि जिम म्हणाल तर नळाला प्रेशर नसलं की खालून दुसऱ्या मजल्यावर बादल्या चढवते तीच माझी जिम. मग आम्ही सोडायचं काय? राहता राहिली पोह्यावरची शेव, आणि शेव सोडा म्हणणारा माणूस इंदूरचा असूच शकत नाही.

थट्टा पुरे. आम्ही सुदामा नगरला राहतो, घरात चौघं, सासूबाई धरून. आमचे हे सियागंजात एका दुकानात हिशोब लिहितात, पगार २४ हजार, माझं फॉल-पिकोचं चार-पाच हजार येतं, लग्नसराईत जरा जास्त. लग्न झालं तेव्हापासून मी खर्चाची वही लिहिते. सासऱ्यांची मिल बंद पडल्यावर सासूबाईंनी घर कसं चालवलं ते त्या अजून सांगतात, ही वहीची सवय त्यांचीच, आणि त्यांचा एक नियम आहे की संध्याकाळी दिवा लावायच्या आत दिवसाचा खर्च लिहून झाला पाहिजे, कारण रात्री माणूस विसरतो. आता मोबाइलवरून दहा-वीस रुपये जातात ते तर रात्रीपर्यंतही लक्षात राहत नाहीत, मुलाला मी सांगून ठेवलंय की स्कॅन केलं की मला मिस कॉल दे, तो देत नाही ते सोडा.

तर एवढ्या वर्षांच्या वह्यांवरून मला जे कळलं ते तुमच्या पुरवणीत कुठेच नव्हतं. सोडून सोडून जे वाचतं ते चिल्लर असतं. खरा पैसा वाचतो तो वेळेवर आणि एकदम घेण्यात. आणि त्याला आधी हातात रोकड लागते, ती नसली की घोडं तिथेच अडतं.

गव्हाचंच बघा. आमच्या घराला वर्षाला अडीच क्विंटल लागतात. एप्रिलमध्ये नवा लोकवन निघाला की आम्हाला घरपोच ३० रुपये किलो पडला, दळणाचे ४ रुपये धरले तर ३४. हेच महिन्याच्या महिन्याला पिशवीतला आटा आणला तर आमच्या दुकानात ४५ च्या खाली मिळत नाही. किलोमागे ११ रुपये, अडीचशे किलोला २७५० रुपये झाले, आणि पोळीही मऊ राहते हा वरचा फायदा. यात मी काहीच सोडलं नाही, कुणाच्या ताटातलं काढलं नाही. पण एप्रिलमध्ये साडेसात हजार एकगठ्ठा काढायला हवेत ना, आणि एप्रिल म्हणजे नेमकी फी, पुस्तकं, वरून एखादं लग्न!

तेलाचं तसंच. डब्यावर १५ किलो लिहिलंय की १५ लिटर ते आधी बघा, भाव विचारायच्याही आधी. सोयाबीनचं एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे लिटरचा डबा किलोच्या डब्यापेक्षा सव्वा किलोहून जास्त हलका असतो, दुकानदार दोन्हीला डबाच म्हणतो. थैलीतही हल्ली लिटरच्या ऐवजी कमी वजनाच्या थैल्या तेवढ्याच दिसतात, फुगलेल्या असतात म्हणून कळत नाही. पाकिटावर आता दर ग्रॅमचा किंवा दर मिलीचा भाव बारीक अक्षरात छापलेला असतो, चष्मा लावून तेवढा वाचला तरी पुष्कळ. आणि मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं हेही खरं नाही बरं का, शॅम्पूची एक-दोन रुपयांची पुडी बाटलीपेक्षा स्वस्त पडते, मी मिलीनं भागाकार करून बघितलाय. तिथे रोकड नसलेल्याचाच फायदा होतो, पण तेवढ्यावर कुणाचं घर चालत नाही.

२०२४ च्या सप्टेंबरात ऐन गणपतीत सरकारनं बाहेरून येणाऱ्या कच्च्या खाद्यतेलावरची बेसिक ड्यूटी (मूळ आयात कर) शून्यावरून २० टक्के केली आणि तेल एकदम चढलं. आमच्या इंदुरात चारी बाजूला सोयाबीन पिकतं, पण देशाचं निम्म्याहून जास्त तेल बाहेरूनच येतं, त्यामुळे दिल्लीत कागद हलला की आमच्या कढईत कळतं. (पुढच्या मे अखेरीस ती २० ची १० केली, पण तोवर दिवाळी, संक्रांत, होळी सगळे सण महाग तेलातच तळून झाले होते.) माझ्याकडे त्या वेळी योगायोगानं एक डबा भरलेला होता म्हणून दिवाळीचा फराळ जुन्या भावात झाला. हुशारी वगैरे काही नाही, त्या महिन्यात शिलाईचे पैसे जरा जास्त आले होते इतकंच.

आता दुसरी बाजू सांगते. आमच्याकडे भांडी-कपड्याला येतात त्या ताई एका खोलीत भाड्यानं राहतात. त्या रोज संध्याकाळी घरी जाताना किलोभर आटा, पाव किलो तेल, शंभर ग्रॅम तूरडाळ असं नेतात. एकदा त्यांच्याबरोबर बसून महिन्याचा हिशोब मांडला तर किराण्याचा भाव वस्तूगणिक त्यांना माझ्यापेक्षा महाग पडत होता, कमाई आमच्या घराच्या निम्मी. मी चोइथराम मंडीतून बटाट्याची धडी आणते, पाच किलो, शेजारणीबरोबर वाटून घेते, त्या ठेल्यावरून अर्धा किलो घेतात. गॅसचं कनेक्शन नावावर नाही म्हणून छोटी टाकी किलोच्या भावानं भरून आणतात. विजेचं तर ऐकाच. मध्य प्रदेशात महिन्याला १५० युनिटच्या आत राहिलं की पहिल्या १०० युनिटचे फक्त १०० रुपये लागतात, मी त्यासाठी मीटरवर डोळा ठेवून असते, १५ तारखेला ७५ च्या वर काटा गेला की कूलर कमी. पण ताईंच्या खोलीला सबमीटर, घरमालक युनिटला सरळ ९ रुपये घेतो, त्या ४० युनिट जाळोत की ६०. माझे १०० युनिट १०० रुपयांत आणि त्यांचे ४० युनिट ३६० रुपयांत. त्यांना आपण कुठल्या तोंडानं सांगणार की बाई जपून खर्च कर?

माझे बाबा सरकारी ऑफिसात क्लर्क होते. त्यांना उन्हाळ्यात ग्रेन अॅडव्हान्स, म्हणजे धान्य भरायला उचल, मिळायचा, बिनव्याजी, आणि पुढे पगारातून दहा हप्त्यांत कापून जायचा. तो आला की दुसऱ्याच दिवशी बाबा सायकलवर मंडीत, गव्हाची पोती दारात, आई आणि आत्या गच्चीवर चादरी अंथरून निवडत बसायच्या, आम्हा पोरांना चिमण्या हाकलायचं काम. तेव्हा वाटायचं सगळ्यांच्या घरी असंच असतं. आता कळतं की आमच्या घरची निम्मी शिस्त त्या एका अॅडव्हान्समुळे होती, नाव मात्र आईचं झालं, काटकसरी म्हणून. खाजगी नोकरीत कोण देतो अॅडव्हान्स? ह्यांनी एकदा शेठजींना विचारलं होतं, शेठजी म्हणाले दिवाळीला बघू. दिवाळीला गहू भरतात का कुणी!

म्हणून चार वर्षांपूर्वी आम्ही गल्लीतल्या बायकांनी मिळून मार्ग काढला. आधी बीसी, म्हणजे भिशी, घातली होती, दर महिन्याला एकीची चिठ्ठी निघायची, पण गहू सगळ्यांना एप्रिलमध्येच हवेत आणि चिठ्ठी निघायची ऑगस्टात, काय उपयोग, पैसे दुसरीकडेच जायचे. शिवाय एका वर्षी एक जण आपली चिठ्ठी लवकर उचलून घर बदलून गेली, ते पैसे बुडाले ते बुडालेच, नाव घेत नाही. मग ठरवलं की एकमेकींच्या हातात पैसा द्यायचाच नाही, प्रत्येकीनं आपल्या आपल्या नावानं बँकेत १२ महिन्यांची आरडी (दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायचं खातं) उघडायची, महिन्याला ७०० रुपयांची, एप्रिलमध्ये सुरू. पुढच्या एप्रिलमध्ये ८४०० आणि वर तीनशेच्या आसपास व्याज. बायका बारा, घरं बारा, मिळून ३० क्विंटल गहू होतात, एवढं म्हटल्यावर इंदूरजवळच्या सांवेरकडचा शेतकरी स्वतः पिकअपमध्ये घालून आणून देतो, दोन फेऱ्यांत. भाव ठरवायला आम्ही सासूबाईंना बसवतो, त्या मूठभर गहू दातानं फोडून बघतात आणि काही बोलतच नाहीत, तो माणूस आपणहून पन्नास रुपये कमी करतो.

साठवायचं तेवढं नीट करावं लागतं. दोन दिवस कडक ऊन, हाताला एरंडेल लावून चोळायचे, कोठीत मध्ये मध्ये वाळलेला कडुनिंब. एक मात्र कळकळीनं सांगते, कीड लागू नये म्हणून बाजारात सल्फासच्या गोळ्या मिळतात त्या घरात आणूच नका, त्यातून निघणाऱ्या गॅसनं बंद खोलीत झोपलेली माणसं गेली आहेत. दोन किलो गहू किडले तर चिमण्यांना घाला.

मला माहीत आहे, सातशे रुपये महिना ही सुद्धा सगळ्यांना जमणारी गोष्ट नाही. ताईंना मी मोठ्या उत्साहानं आरडीचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, दीदी, सातशे उरले असते तर मी थैलीच मोठी घेतली नसती का? मला बोलायला काही राहिलं नाही. म्हणून या वर्षी आमच्या गव्हातच त्यांचा ५० किलोचा एक कट्टा जास्त मागवला, १५०० रुपये, महिन्याला दीडशे कापून घ्यायचे, दहा महिने, बाबांच्या ऑफिससारखं. उपकार वगैरे काही नाही, मला व्याज सुटलं तर सुटलं किती, चहाचे पैसे. पण कट्टा आला आणि नवीन अडचण, त्यांच्या खोलीत तो ठेवायला जागा नाही आणि उंदीर फार. सध्या आमच्याच कोठीच्या वर पोतं ठेवलंय, शनिवारी त्या पाच किलो मोजून नेतात, वहीत त्यांचं वेगळं पान आहे आणि त्यावर सही त्या स्वतः करतात.

गल्लीतल्या आणखी तीन घरांनी आपापल्या कामवाल्या बायकांसाठी पुढच्या एप्रिलला असंच करायचं म्हटलंय. मराठी समाज, आपली मंडळं गणपतीत एवढा खर्च करतात, त्यातून एखाद्या मंडळानं दहा-वीस घरांना बिनव्याजी धान्याचा अॅडव्हान्स दिला तर पैसा दहा महिन्यांत परत येतो, बुडला तर एखाद-दुसऱ्याचा बुडेल. ज्यांना करायचं त्यांनी विचार करावा, मी पदाधिकारी वगैरे नाही.

माझं काम छोटं आहे, तेवढं मात्र छापा. पन्नास किलो मावतील अशा जुन्या पत्र्याच्या कोठ्या बऱ्याच घरांत माळ्यावर पडून असतात, आत जुनी रद्दी नाहीतर तुटकी खेळणी भरलेली. आम्हाला चार हव्या आहेत, झाकण घट्ट बसलं पाहिजे, गंजलेली चालेल, घासून घेऊ. भंगारवाला जो भाव देईल तो देऊ आणि न्यायला आम्हीच येऊ. कुणाकडे असेल तर तुमच्या ऑफिसात कळवावं, मी दर बुधवारी तिकडून जाते, विचारून जाईन.

आपली,
एक वाचक, सुदामा नगर, इंदूर