पडलेल्या बागेचा धागा

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर प्रदर्शनाचा विषय निघाला की बाबा "पाणी सोडायचंय" म्हणून फोन आईकडे देतात. म्हणून पत्र लिहितेय. बाबा, आई वाचून दाखवेल तेव्हा उठून जाऊ नका.

परवा आमचं प्रदर्शन सुरू झालं. जळगावातला एक साधा हॉल आहे, तिथे दोघांचंच काम मांडलंय. माझं केळीच्या धाग्यातलं आणि माझ्या जोडीच्या शिल्पकाराचं काळ्या पाषाणातलं. तो धुळ्याकडचा, घरी पाटे-वरवंटे घडवायचे. छिन्नी हातात घेतली की दिवसभर तोंडातून शब्द नाही. एवढ्या दगडापुढे माझा धागा कोण बघणार, अशी धाकधूक मला शेवटपर्यंत होती.

बाबा, मे महिन्यातल्या वादळात बाग आडवी झाली, तिसऱ्या दिवशी मी टेम्पो घेऊन आले. तुम्ही बांधावर पाठ करून बसला होतात. "आता याचाही बाजार मांड," एवढंच म्हणालात. तेव्हा मी उत्तर दिलं नाही. आज सांगते.

ती खोडं मी उभी चिरली, एकेक पापुद्रा सुटा केला, यंत्रातून काढला, धुतला, वाळवला. एकट्या माणसाला न उचलणाऱ्या खोडातून धागा निघाला तो माझ्या मुठीत मावला. बाकी सगळं पाणी. रात्री वीज येईल तेव्हा उठून, बॅटरी घेऊन, साप-विंचवाची पर्वा न करता तुम्ही पाजलेलं पाणी. ते वाहून गेलं आणि हा धागा राहिला. भिंतीवर टांगलाय तो हा. नुकसान नाही टांगलेलं, बाबा.

आणि आई, त्यातली प्रत्येक गाठ तुझी आहे. मेथीच्या जुड्या बांधताना तू सोपट, केळीचा तो वाळका पापुद्रा, आधी पाण्यात बुडवायचीस, दोन वेढे देऊन टोक आत खोचायचीस, तीच गाठ. अख्खं काम त्या एका गाठीवर उभं आहे.

मधोमध एक दगड ठेवलाय. अर्ध्यावर टाकीचे घाव, अर्धा खाणीतून आला तसाच. त्याला जागोजागी भोकं आहेत. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्यांची ती जागा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची! त्या भोकांतून मी वर्षभराच्या केळीचा धागा ओवलाय. ओवताना दगडाची भुकटी धाग्याला लागली आणि पिवळसर धागा तेवढ्या जागी राखाडी झाला. तो फुंकर मारायला वाकला, मी म्हटलं, राहू दे.

शाळेत असताना आपण अजिंठ्याला गेलो होतो, आठवतं? तिथेही हेच आहे, हे मला फार उशिरा कळलं. खडबडीत कातळावर भुसा, गवत, झाडपाल्याचे धागे मिसळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. आई, आपल्या धाब्याच्या घराची भिंत लिंपताना तू मातीत भुसा कालवायचीस. "नाहीतर भेगा पडतात," म्हणायचीस. अजिंठ्याच्या कारागिरांनाही ते ठाऊक होतं.

काल एक गृहस्थ म्हणाले, दगडाचं काम ही कला, धाग्याचं बचत गटाच्या स्टॉलवर शोभेल. मला लागलं ते. मी त्यांना शिल्पकार मृणालिनी मुखर्जींबद्दल सांगितलं. त्यांनी वर्षानुवर्षं दोरांना हाताने गाठी मारून माणसाहून उंच आकृती उभ्या केल्या. २०१५ मध्ये त्या गेल्या आणि २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयाने त्यांचं प्रदर्शन भरवलं. गृहस्थ परत आत गेले आणि बराच वेळ त्या दगडापाशी थांबले.

रविवारपर्यंत आहे. सकाळची एस.टी. धरलीत तर जेवायच्या आत पोचाल, वरणबट्टी करून ठेवते. आई, थोडं सोपट आण. डाव्या कोपऱ्यातली एक गाठ सैल पडतेय, माझ्या हाताने बसत नाही.

बाबा, कामाखालच्या पाटीवर माझं नाव आहे. त्याखाली एक ओळ मोकळी सोडलीय. खोडं कोणाच्या बागेतली, ते तिथे लिहायचंय. तुम्हाला विचारल्याशिवाय लिहिणार नाही.

तुमची,
लेक