डॉक्टरकाकांना अनावृत आभारपत्र

आदरणीय डॉक्टरकाका,

सप्रेम नमस्कार.

आयर्लंडमधल्या लिमरिकला राहायला आले तेव्हा कामावर, बसथांब्यावर, दुकानात सगळीकडे रग्बीचाच विषय निघायचा आणि मला त्यातले अक्षरही कळत नसे. तुम्ही माझ्यासाठी चार रविवार मोडलेत आणि याच गावच्या पॉल ओ'कॉनेल या रग्बीपटूची कारकीर्द जुन्या सामन्यांच्या चित्रफितींतून उलगडून दाखवलीत, त्याबद्दल मनापासून आभार.

चेंडूमागे धावणारी माझी नजर तुम्ही लाइनआउटवर आणून स्थिर केलीत. चेंडू मैदानाबाहेर गेल्यावर दोन्ही संघांच्या रांगा शेजारी शेजारी उभ्या राहतात, परत आत फेकलेला चेंडू झेलायला सहकारी मांड्यांना धरून एकाला वर उचलतात, आणि हा साडेसहा फुटी गडी उडी घेण्याआधी समोरच्यांचे पाय कुठे वळतात ते वाचत असतो, हे तुम्ही चित्र थांबवून थांबवून दाखवलेत. एरवी मला उंच माणसाने चेंडू झेलला, एवढेच दिसले असते.

2002 साली आयर्लंडकडून वेल्सविरुद्धच्या पदार्पणात त्याने ट्राय केला, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवले, पण डोक्याला मार बसल्याने तो त्याला आठवतही नाही. त्याच्या मन्स्टर या इथल्या प्रांताच्या संघाने 2006 आणि 2008 मध्ये हाइनेकेन कप ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा जिंकली, दुसऱ्या खेपेला त्याच्याच नेतृत्वाखाली. 2009 मध्ये आयर्लंडला 61 वर्षांनी ग्रँड स्लॅम, म्हणजे सहा देशांच्या स्पर्धेतले सगळे सामने जिंकण्याचा मान, मिळाला आणि त्याच वर्षी तो दक्षिण आफ्रिकेत लायन्सचा, म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडच्या संयुक्त संघाचा, कर्णधार झाला.

माझ्या मनातून जात नाही ती 11 ऑक्टोबर 2015 ची कार्डिफमधली दुपार. विश्वचषकात फ्रान्सविरुद्ध मध्यंतराच्या तोंडावर तो कोसळला आणि स्ट्रेचरवरून बाहेर गेला. तुम्ही चित्र थांबवलेत, उठून स्वतःच्या मांडीमागे हात ठेवलात, स्नायू हाडापासून नेमका कुठे सुटतो ते दाखवलेत आणि बराच वेळ तसेच उभे राहिलात. आयर्लंडने सामना 24-9 असा जिंकला, पण त्या 108व्या आंतरराष्ट्रीय सामन्यानंतर तो आयर्लंडकडून कधीच खेळला नाही. फ्रान्समधल्या तूलाँ क्लबशी करार होऊनही मैदानात उतरता आले नाही आणि 2016 च्या फेब्रुवारीत त्याने निवृत्ती जाहीर केली. आयर्लंडच्या लाइनआउटची तयारी 2021 पासून तोच करून घेतो, हे सांगताना तुमचा चेहरा किती खुलला होता!

परवा इथल्या थोमंड पार्क या रग्बीच्या मैदानावर पहिल्यांदाच एकटी गेले होते. आमच्या समोरच लाइनआउट झाला. मी पाय पाहिले, शेजारच्या आजींना म्हटले, "मागच्याकडे जाणार," आणि चेंडू तिकडेच गेला.

आपली कृतज्ञ,
तुमची शेजारीण